वसईची लढाई दोघांची, साष्टी तिसऱ्याची

प्रश्न : टीव्हीवर रोज रात्री अमेरिका आणि चीन यांच्यावर चर्चा झडते. तज्ज्ञ मंडळी म्हणतात, बड्या सत्तांची अशी चुरस पन्नास-शंभर वर्षं चालते. मी चौकच्या जंजिरे धारावीवर फिरायला जातो, तेव्हा मनात येतं, की आमच्या या टोकाला असलं काही कधी घडलं असेल का? मराठे आणि पोर्तुगीज लढले, मराठे जिंकले, एवढं शाळेत शिकलो. मग साष्टी इंग्रजांकडे गेली कशी? आणि ती लढाई चालू असताना ते करत काय होते?
– एक वाचक, भाईंदर (पश्चिम)

उत्तर : तुमच्या शेवटच्या प्रश्नातच सगळी मेख आहे. इंग्रज त्या वेळी दोघांनाही माल विकत होते, एकाला कर्ज देत होते, दुसऱ्याशी तहाची बोलणी लावत होते आणि स्वतःचा जुना दावा जपत होते. हा दावा १६६५ पासूनचा आणि तो पुरा झाला १७७४ साली. म्हणजे १०९ वर्षं. तज्ज्ञांची पन्नास-शंभर वर्षं तुमच्या गावात भरून वर नऊ उरतात.

आधी जागा डोळ्यांसमोर आणू. भाईंदरहून नायगावला जाताना लोकल खाडीवर येते, मध्ये पाणजू बेट लागतं. समुद्राच्या बाजूला पाहिलं की डाव्या काठाला डोंगरी-उत्तनच्या टेकड्यांची रांग आणि पलीकडच्या काठाला वसईचा किल्ला. खाडीचं तोंड या दोघांच्या मध्ये. वांद्र्यापासून भाईंदरपर्यंतचा आणि पूर्वेला ठाण्यापर्यंतचा हा सगळा मुलूख म्हणजे साष्टी बेट. त्याला उत्तरेकडून तीन दारं होती : पूर्वेला ठाणे, मध्ये घोडबंदर आणि पश्चिमेला धारावी. यांतली दोन आजच्या मीरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीत येतात. घोडबंदरचा किल्ला पाहायला लोक जातात, फोटो काढतात. धारावीकडे फार कोणी फिरकत नाही, पण १७३९ मध्ये वसईचा गळा तिथूनच आवळला गेला.

गुजरातच्या बहादूरशहाने डिसेंबर १५३४ मध्ये वसई आणि तिच्याखालचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. त्याला मोगल हुमायूनची धास्ती होती आणि समुद्रावर मित्र हवा होता. त्यात साष्टी गेली, मुंबईची बेटंही गेली. पुढची सव्वाशे वर्षं पोर्तुगीजांना इथे विचारणारा युरोपीय नव्हता. मग लिस्बनला स्पेनची धास्ती वाटू लागली आणि तिथेही समुद्रावर मित्र हवा झाला. १६६१ मध्ये राजकन्या कॅथरीनचं इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी लग्न ठरलं. आंदणात मुंबईचं बंदर आणि बेट द्यायचं, त्याच्या सर्व हक्कांसह आणि त्याला लागून असलेल्या प्रदेशांसह, असं कलम पडलं.

लागून असलेले प्रदेश कोणते? कलमाने ते सांगितलंच नाही. इंग्रज म्हणाले, साष्टी आणि ठाणे त्यात आलेच. पोर्तुगीज म्हणाले, मुंबईचं एकच बेट, बाकी कशाला हात लावायचा नाही. लंडन आणि लिस्बनमध्ये ज्यांनी सही केली, त्यांच्यापैकी कोणी वसईची खाडी पाहिली असेल असं वाटत नाही.

इंग्रज जहाजं १६६२ च्या सप्टेंबरात मुंबईसमोर आली. गंमत अशी, की मुंबई ताब्यात देण्याचा हुकूम ज्याने बजावायचा तो पोर्तुगीज व्हाइसरॉय आंतोनियो दे मेलो ए कास्त्रो याच आरमाराबरोबर हिंदुस्थानात आला होता. इथे पोचल्यावर त्याने जागा पाहिली आणि कागदपत्रांत खोटी काढून बेट द्यायला नकार दिला. इंग्रज सैनिक कारवारजवळच्या अंजदीव बेटावर जाऊन बसले. तिथे त्यांचा सेनापती अब्राहम शिपमन मेला आणि चारेकशे सैनिकांपैकी शंभराच्या आसपास उरले. शेवटी फेब्रुवारी १६६५ मध्ये हम्फ्री कुकने मुंबई ताब्यात घेतली. व्हाइसरॉयने आपल्या राजाला कळवलं, की इंग्रज मुंबईत स्थिरावले की त्या दिवशी हिंदुस्थान आपल्या हातून गेलाच म्हणून समजा. सत्तास्पर्धेच्या इतिहासात असं नेमकं भाकीत क्वचित सापडतं. ते करणाऱ्याला त्याचा काही उपयोग झाला नाही, हे मात्र नेहमी सापडतं.

तीन वर्षांत राजाने हे बेट वर्षाला दहा पौंड खंडावर ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं. राजाच्या दृष्टीने ती कटकट होती. कंपनीच्या दृष्टीने ते बंदर, गोदी आणि एक अर्धवट दस्तऐवज होतं.

इथून पुढे सत्तर वर्षं एक कंटाळवाणं युद्ध चाललं. त्यात तोफा क्वचितच वाजल्या, म्हणून पाठ्यपुस्तकात त्याला जागा नाही. मुंबईच्या बेटावर माणसं वाढत होती, पण भात, भाजी, लाकूड सगळं बाहेरून यायचं : साष्टीतून किंवा ठाण्याच्या खाडीने वरच्या मुलखातून. पोर्तुगीजांनी ठाण्याला आणि करंजाला जकातीची नाकी बसवली आणि मुंबईकडे जाणाऱ्या होड्यांकडून जकात घेऊ लागले. इंग्रजांनी माहीमच्या बाजूला हात पसरले. तक्रारी सुरतेला, गोव्याला, लंडनला, लिस्बनला जात राहिल्या. जेराल्ड ऑन्जियरसारखा खमका गव्हर्नरही या जकातीपुढे हतबल झाला. प्रत्येक तक्रारीत मात्र इंग्रज एक ओळ न चुकता घालत : साष्टी खरं तर आमचीच आहे. पोर्तुगीज ती ओळ वाचून हसत असावेत.

हसायला कारणही होतं. साष्टीतले पोर्तुगीज जमीनदार चैनीत होते. जॉन फ्रायर नावाचा कंपनीचा डॉक्टर १६७० च्या दशकात या बाजूला फिरला. घोडबंदरचं गाव त्याला नेटकं, ऐसपैस बांधलेलं दिसलं. त्याचा मालक मार्टिन अल्फोन्सो हा गोव्याच्या अलीकडचा सर्वांत श्रीमंत पोर्तुगीज समजला जात होता, असं फ्रायरने नोंदवलं आहे. शिवाजी महाराजांच्या फौजेने १६७२ मध्ये घोडबंदरवर चाल केली होती, ती परतवली गेली. त्यामुळे सुस्ती आणखी वाढली असणार. तटबंद्या होत्या, पण त्यांवर उभं राहायला माणसं कमी होत चालली होती, आणि लिस्बनचं लक्ष केव्हाच ब्राझीलच्या सोन्याकडे गेलं होतं.

आता १७३७. अंजूरच्या गंगाजी नाईकांसारख्या स्थानिक घराण्यांनी वर्षानुवर्षं पेशव्यांकडे खेटे घातले होते, धर्माच्या जाचाच्या आणि वतनाच्या तक्रारी नेल्या होत्या. बाजीरावाने भाऊ चिमाजी आप्पाला मोहिमेवर पाठवलं. मार्चअखेर मराठे खाडी ओलांडून साष्टीत उतरले आणि ठाणे हाती आलं. ठाण्याचा नवा किल्ला तेव्हा बांधून पुरताही झाला नव्हता. वसई मात्र पडली नाही. तिथे समुद्रातून रसद येत होती आणि मराठ्यांकडे ती तोडायला पुरेसं आरमार नव्हतं. दोन वर्षं रेटारेटी चालली.

धारावीचं महत्त्व इथे येतं. वसईच्या खाडीत शिरणाऱ्या जहाजाला या टेकडीच्या नजरेखालून जावं लागतं. टेकडी पोर्तुगीजांकडे असली तर वसईला दार उघडं, मराठ्यांकडे असली तर बंद. म्हणून या टेकडीसाठी झटापटी होत राहिल्या. १७३९ च्या मार्चमध्ये धारावी मराठ्यांनी घेतली आणि मग वसईचा वेढा खऱ्या अर्थाने आवळला गेला. त्याच महिन्यात नादिरशहा दिल्लीत शिरला. बाजीरावाला उत्तरेची काळजी लागलेली आणि चिमाजी आप्पा खाडीच्या चिखलात अडकलेला. मोठी माणसं नकाशाच्या दोन टोकांना एकाच वेळी पाहू शकत नाहीत. त्या वर्षी पेशव्यांना ते करावंच लागलं. सुरुंग लावून तट उडवत, हजारो माणसं गमावत, मे महिन्यात वसई शरण आली. आपलं डोकं तोफेला बांधून किल्ल्यात उडवा, असं चिमाजी म्हणाला, ही कथा महाराष्ट्राला इतकी प्रिय आहे, की तिचा पुरावा मागणं अरसिकपणाचं ठरेल. मी मागत नाही.

तर मग इंग्रज? पोर्तुगीजांचा आरोप होता, की मुंबईहून मराठ्यांना दारूगोळा मिळतो, शिवाय ठाण्याच्या बचावाला इंग्रज गोलंदाजही गेले होते. मुंबईने दारूगोळ्याचं नाकारलं नाही : आमचे व्यापारी गिऱ्हाइकाला माल विकतात, इतकंच म्हटलं. गोलंदाजांचं नाकारलं. १७३८ च्या अखेरीस पोर्तुगीजांनी ठाणे परत घ्यायचा बेत केला, त्याची बातमी मराठ्यांना मुंबईहूनच लागली. पुढे वसईच्या घेरलेल्या लोकांनी मुंबईकडे मदतीसाठी काकुळतीने लिहिलं. कौन्सिलने सैन्य नाकारलं आणि पंधरा हजार रुपये कर्ज दिलं. चर्चची चांदीची भांडी आणि पितळी तोफा तारण ठेवून घेतल्या. वेढ्यातल्या शहराच्या तोफा तारण! या एका नोंदीसमोर मुत्सद्देगिरीवरचे पुष्कळ ग्रंथ फिके पडतात. आणि वांद्र्याचा किल्ला? मराठे येऊन तिथून माहीमवर तोफा रोखतील, या भीतीने तो इंग्रजांच्या सल्ल्यावरून पोर्तुगीजांनीच पाडून टाकला.

वसई पडताच इंग्रज ढवळून निघाले. ज्याला सत्तर वर्षं शिव्या घातल्या तो शेजारी गेला आणि त्याहून बलवान शेजारी माहीमच्या खाडीपलीकडे येऊन उभा राहिला. त्यांनी एकाच वेळी दोन माणसं पाठवली. कॅप्टन जेम्स इंचबर्ड वसईला चिमाजी आप्पाकडे गेला आणि जुलै १७३९ मध्ये तह करून पेशव्यांच्या मुलखात व्यापाराची मोकळीक घेऊन आला. विल्यम गॉर्डन साताऱ्याला शाहू महाराजांकडे गेला. वरवर नजराणे द्यायला, आतून बाजीरावाचे वैरी दरबारात कोण कोण आहेत त्याची चाचपणी करायला. घरी मात्र त्यांनी मुंबईच्या कोटाभोवती खंदक खणायला घेतला. त्या खंदकासाठी शहरातल्या व्यापाऱ्यांनी तीस हजार रुपये वर्गणी काढली. 

इथे 'दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ' ही म्हण लावून मोकळं व्हायचा मोह होतो. ती पुरती खरी नाही. १७३९ मध्ये लाभ मराठ्यांचाच झाला, आणि तो पुढे पस्तीस वर्षं टिकला. तिसऱ्याचा लाभ व्हायला मधे एक गोष्ट घडावी लागली, आणि ती आपणच घडवली.

मराठ्यांचं समुद्रावरचं बळ म्हणजे आंग्र्यांचं आरमार. कान्होजीनंतर त्याच्या मुलांत फाटाफूट झाली. तुळाजी आंग्रे पेशव्याला जुमानेना. नानासाहेब पेशव्याने मग इंग्रजांशी हातमिळवणी केली. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग घेतला गेला आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्गाखाली आंग्र्यांचं आरमार जाळलं. पुण्याच्या दृष्टीने एक बंडखोर सरदार मोडला. मुंबईच्या दृष्टीने किनाऱ्यावरची मोठी लढाऊ ताकद नाहीशी झाली. माझ्या मते साष्टी गेली ती १७७४ मध्ये नाही, १७५६ मध्येच. साष्टी हे बेट आहे, आणि ज्याच्याकडे जहाजं नाहीत त्याला बेट भाड्याने राहिल्यासारखं वापरावं लागतं.

कंपनीच्या लंडनच्या संचालकांनी साष्टीचा विषय कधी सोडला नव्हता. १७७२ मध्ये थॉमस मॉस्टिनला पुण्याला वकील म्हणून पाठवताना साष्टी आणि वसई मिळवायचा प्रयत्न कर, हे त्याच्या कामात होतंच. पुण्यात तेव्हा नारायणरावाचा खून, रघुनाथरावाची पळापळ, बारभाईंचं कारस्थान. तरीही मुंबईकर इंग्रज लगेच तुटून पडले नाहीत. रघुनाथरावाशी घासाघीस करत राहिले. त्यांना अखेर हलवलं ते पोर्तुगीजांनी! लिस्बनहून नवं बळ गोव्याला आलं आहे आणि साष्टी-वसई परत घ्यायचा बेत आहे, अशी खबर मुंबईला लागली. पस्तीस वर्षांनी जुना मालक परत दारात. इंग्रजांना घाम फुटला. मराठ्यांकडून साष्टी कधीतरी घेता येईल, पण युरोपीय सत्तेकडे गेली तर कायमची गेली. कलकत्त्याच्या परवानगीची वाट न पाहता त्यांनी फौज पाठवली. पोर्तुगीज जहाजं मुंबईच्या तोंडाशी आली, त्यांनी औपचारिक निषेध नोंदवला. ३१ डिसेंबर १७७४ ला ठाणे पडलं. वेढ्यात कमोडोर वॉटसन मारला गेला (हा विजयदुर्गाच्या वॉटसनहून निराळा) आणि चिडलेल्या इंग्रज फौजेने किल्ल्यातल्या शिबंदीची कत्तल केली. ठाण्यापाठोपाठ सगळी साष्टी, म्हणजे घोडबंदर आणि भाईंदरही.

या ठिकाणी एक खुलासा. आपल्याकडे इंग्रजी राज्य म्हटलं की १८१८ हे साल तोंडावर येतं. पुण्याला ते लागू आहे. मीरा-भाईंदरला नाही. पेशवाई बुडाली तेव्हा तुमच्या गावात इंग्रजांचा अंमल बसून त्रेचाळीस वर्षं झाली होती.

पुढचा अंक तर थेट जगाच्या रंगमंचावरचा. १७७५ मध्ये सुरतेच्या तहाने रघुनाथरावाने साष्टी-वसई इंग्रजांना लिहून दिली. कलकत्त्याने तो तह फिरवला, १७७६ मध्ये पुरंदरचा तह केला, पण साष्टी ठेवून घेतली. तेवढ्यात १७७७ मध्ये शेवालिए द सँ-ल्यूबँ नावाचा एक फ्रेंच गृहस्थ पुण्यात हजर झाला. माणूस बराचसा बोलबच्चन होता. त्याने फ्रेंच पलटणी चौलला उतरवायच्या बाता मारल्या. नाना फडणवीसांनी त्याच्यावर कितपत विश्वास ठेवला हे नानाच जाणोत, पण त्याला मेजवान्या देऊन मुंबईची झोप मात्र त्यांनी पुरती उडवली. तिकडे अमेरिकेतल्या वसाहती इंग्लंडविरुद्ध उठल्या होत्या. फेब्रुवारी १७७८ मध्ये फ्रान्सने त्यांच्याशी करार केला आणि इंग्लंड-फ्रान्स युद्ध पेटलं. पुण्यातला हा फ्रेंच वकील आता इंग्रजांना कल्पनेतला धोका वाटेना. मुंबईने घाईघाईने पुण्यावर चाल केली आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावला नाक मुठीत धरून माघार घेतली. मग कलकत्त्याहून गॉडर्ड आला, डिसेंबर १७८० मध्ये त्याने वसई घेतली. एकीकडे अमेरिका, दुसरीकडे म्हैसूरचा हैदर, तिसरीकडे मराठे, अशा तिहेरी ओढाताणीत इंग्रजांना तह हवाच होता. १७ मे १७८२ ला सालबाईचा तह झाला. इंग्रजांनी वसई परत केली, गुजरातमधले घेतलेले प्रदेश परत केले. परत केली नाही ती साष्टी, आणि सोबत करंजा, घारापुरी वगैरे लहान बेटं. पेशव्यांकडून त्यांनी एक कलमही लिहून घेतलं : जुने पोर्तुगीज सोडले तर दुसऱ्या कोणा युरोपियनाला आपल्या मुलखात वखार घालू द्यायची नाही. कलमातला रोख फ्रेंचांवर होता.

तहाच्या याद्या वाचताना एक गोष्ट जाणवते. मोठी सत्ता काय परत करते, त्यावरून तिचा मोठेपणा दिसतो. काय परत करत नाही, त्यावरून तिचा हिशेब. अख्खी वसई देऊन इंग्रजांनी साष्टी ठेवली, कारण मुंबईचं भात साष्टीत पिकत होतं.

हे सगळं कोणी लंडनमध्ये बसून शंभर वर्षांचा आराखडा आखून केलं, असं मी म्हणणार नाही. मुंबई घाबरून निर्णय घेई, कलकत्ता मुंबईला झापे, लंडन दोघांना झापे. टिकून राहिला तो फक्त दावा. माणसं बदलली, राजे बदलले, कागद मात्र त्याच कपाटात राहिला आणि प्रत्येक नव्या कारकुनाने तो वाचला. आमच्याकडे पराक्रम होता. दप्तरही होतं, पेशव्यांचं दप्तर म्हणजे केवढा मोठा खजिना. पण मुंबई बेटाबद्दलची मराठ्यांची भूमिका दर पेशव्यागणिक बदलत गेली, आणि समुद्राबद्दलची तर दर सरदारागणिक.

प्रश्न : मग आजच्या अमेरिका-चीन सामन्यात भारत कोण? तेव्हाचे मराठे, पोर्तुगीज की इंग्रज?
– एक विद्यार्थिनी, मीरा रोड

उत्तर : परीक्षेत असा प्रश्न आला तर चौथा पर्याय 'यांपैकी नाही' निवडावा. अणुबाँबच्या काळात वसईसारखा वेढा घालता येत नाही, आणि चाळीसच्या वर वर्षं लढाई न होताही चुरस चालू शकते हे अमेरिका-सोव्हिएतांनी जवळजवळ दाखवलंच. ती १९४७ च्या सुमारास सुरू झाली आणि १९९१ मध्ये सोव्हिएत संघच मोडल्याने संपली. तरी दोन धागे ओळखीचे आहेत. एक, कपाटातला दावा : बीजिंगने १९४९ पासून तैवान आमचंच आहे हे एकदाही म्हणायचं सोडलेलं नाही. दोन, जकातनाकी. पूर्वी ती भाताच्या होड्यांना होती, आता संगणकाच्या चिपला आणि दुर्मिळ खनिजांना आहेत.

आणि सामना फार लांब चालू आहे असं समजू नका. चीनने २०१३ मध्ये 'बेल्ट अँड रोड'ची घोषणा केली. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या जी-२० परिषदेत भारत-मध्यपूर्व-युरोप मार्गाची घोषणा झाली. त्यानंतर जून २०२४ मध्ये केंद्राने डहाणूजवळच्या वाढवण बंदराला मंजुरी दिली, खर्च सुमारे ७६ हजार कोटी रुपये, आणि हे बंदर त्या मार्गाशी जोडलं जाणार असं सरकार सांगतं. तुम्ही मीरा रोडला ज्या रुळांवर गाडी पकडता त्याच रुळांवर डहाणू आहे. वाढवणच्या मच्छीमारांचा या बंदराला जोरदार विरोध आहे आणि त्यांचं म्हणणं सत्तास्पर्धेचं नाही, त्यांच्या समुद्राचं आहे. १७३७ मध्ये कोळ्यांना कोणी विचारलं होतं का, याची नोंद नाही. आता निदान आंदोलनाची बातमी छापून येते.

प्रश्न : पोर्तुगीज गेल्यावर आमच्या उत्तन-डोंगरीच्या ख्रिस्ती लोकांचं काय झालं? मराठ्यांनी त्रास दिला का?
– एक वाचक, उत्तन

उत्तर : वसईच्या शरणागतीच्या कलमांत धर्मपालनाची मोकळीक होती. पोर्तुगीज घराणी आणि युरोपीय पाद्री निघून गेले, मठ ओस पडले, घंटा लुटीत गेल्या. त्यांतली १७२१ सालची एक आज नाशिकला नारोशंकराच्या देवळावर आहे. म्हणजे मोठी चर्चं आणि जमीनदारी मोडली हे खरं. पण कोळी, आगरी, कुणबी ख्रिस्ती जागच्या जागी राहिले आणि देशी पाद्र्यांनी त्यांची चर्चं चालवली.

त्या काळाचा एक साक्षीदार आहे आणि तो निःपक्षपाती मानायला हरकत नाही, कारण त्याचा ना पोर्तुगीजांशी लोभ ना मराठ्यांशी. पारशी धर्मग्रंथांच्या शोधात हिंदुस्थानात आलेला फ्रेंच विद्वान आंकेतिल द्यूपेरों १७६० मध्ये लेणी पाहायला साष्टीत फिरला. मराठ्यांचा अंमल सुरू होऊन वीस वर्षं झाली होती. ठाण्याला त्याने ख्रिस्ती लोकांचा मोठा सण पाहिला : हजारोंची गर्दी, युरोपातल्यासारखा थाटमाट, पाद्री सगळे काळे, आणि बंदोबस्ताला मराठ्यांचे शिपाई. हिंदू बाजूला उभे राहून आदराने पाहत होते, असंही तो लिहितो. ठाण्यात जे चाललं ते उत्तनमध्येही असंच चाललं असेल, असं मानायला जागा आहे.

'ईस्ट इंडियन' हे तुमच्या समाजाचं नाव मात्र पुढच्या सत्तेच्या काळातलं. रेल्वे आणि कंपन्यांतल्या नोकऱ्यांसाठी गोव्याहून ख्रिस्ती लोक मुंबईला येऊ लागले, तेव्हा आपण इथले मूळचे आणि इंग्रजांच्या मुलखातले, हे ठसवायची गरज इथल्यांना वाटली. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली त्या १८८७ साली त्यांनी बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन काढली. नाव इंग्रजांच्या कंपनीवरून, धर्म पोर्तुगीजांकडून, आणि घरातली बोली मराठी.